एकच पास

पदवीदान समारंभाला एका विद्यार्थ्यामागं पाहुण्यांचा एकच पास, अशी नोटीस जालन्याच्या आमच्या कॉलेजात लागली, तेव्हा मी ऑफिसातल्या क्लार्कशी कचाकचा भांडले. आई-बापातून एक निवडू का, म्हटलं. तो म्हणाला, हॉल लहान आहे ताई. घरी आले तर बापानं माझ्या भांडणातली हवाच काढली. “तुही माय जाईल. म्या आलो तर मेंढरं काय हॉलात चारू?” पोरीला शिकवून काय करायचं, म्हणणाऱ्या अख्ख्या भावकीची तोंडं आईनं एकटीनं बंद केली होती. मला स्टेजवर चालताना बघायचं, एवढंच तिला हवं होतं. पास तिनं दोन दिवस देवापाशी ठेवला आणि मी तो उघडूनसुद्धा बघितला नाही.

त्या सकाळचं मला सलग असं काही आठवत नाही. अंबडहून निघालेली एसटी आठवते, खिडकीतून मांडीवर पडलेलं कोवळं ऊन, आईच्या ठेवणीतल्या लुगड्याला येणारा डांबरगोळ्यांचा वास. ती बाहेर बघून स्वतःशीच हसत होती. वाटलं, गाडी अशीच चालत राहावी, जालना येऊच नये. कॉलेजच्या आवारात काळे गाऊन घातलेली पोरंपोरी तरंगत होती आणि त्यांच्यातच मीही, पाय कुठं पडतात ते न कळता.

हॉलच्या गेटवर शिपायानं पासावरचा काळा चौकोन मशीनपुढं धरला. मशीन गप्प. पुन्हा धरला, पुन्हा गप्प. मी पास हिसकून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. चौकोनाच्या बरोबर मधोमध ओल्या हळदीकुंकवाचं बोट, वाळून घट्ट बसलेलं.

“अगं काय करून ठेवलंस हे? अक्कल घरी ठेवून आलीस का?” एवढ्या माणसांत मी ओरडले.

“देवापाशी ठेवला व्हता, मंग तसाच कसा उचलू?” ती हळूच म्हणाली. पदराचं टोक ओलं करून पुसायला गेली, तर छापलेली शाईच पसरली.

शिपाई बिचारा वाईट नव्हता. “मशीन घेत न्हाई, ताई. मी काय करू?” तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला, गाऊनवाल्यांनी जल्दी आत यावं, दार बंद होतंय. आई म्हणाली, “तू जाय. मी हितंच हाय.” मी गेले. तिच्याकडं न बघता गेले.

आतलं सगळं तापात दिसतं तसं दिसत होतं. पंखे, टाळ्या, कुणाचं तरी न संपणारं भाषण. मग माझं नाव आलं. स्टेजवरची दहा-बारा पावलं, पण सरता सरेनात. पाहुण्यांच्या खुर्च्यांत दुसऱ्यांच्या आया हात हलवत होत्या. माझी मलाच इतकी शरम वाटली, की पदवी कुणाच्या हातून घेतली तो चेहरासुद्धा आज डोळ्यांपुढं येत नाही.

बाहेर आले, तर शिपायानं दिलेल्या खुर्चीवर, सायकलस्टँडच्या सावलीत ती ताठ बसली होती. मला रडूच फुटलं. “आई, चुकलं गं माझं.”

“राहू दे ते. भोंग्यावर नाव ऐकलं तुहं. तुह्या बापाचं बी बराबर घेतलं.” मग ती खुर्चीत सावरून बसली. “आता चाल.”

“कुठं?”

“तिथून हितपर्यंत. आत चालली तशी.”

गाऊन जमा करा म्हणून माणूस ओरडून राह्यला होता. ओरडू दे, म्हटलं. मी पार गेटापर्यंत मागं गेले आणि मोटारसायकलींच्या मधल्या वाटेनं चालू लागले. लोक बघत होते. मी अर्ध्यात पोचले, तोच तिनं हात वर केला.

“थांब. एवढी पळू नको. मला बघू दे.”

मी परत गेटापासून सुरुवात केली.