स्टेनवरनं कुंड सोडलं

स्टेनवरला राष्ट्रीय हवामान सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद का मिळालं, ते मी सांगतो. बंदर कामगारांच्या संघटनेत आयुष्य काढताना तिनं प्रत्येक पक्षाला एकदा तरी तोंडावर पाडलं होतं. संसदेत तिचं नाव निघालं तेव्हा कुणालाच ती आपली वाटेना. स्वतंत्र मंडळाला असंच माणूस हवं होतं.

नवरा गेल्यापासून ती एकटीच. मुलगा नॉर्वेला, तो नाताळात फोन करणार. रेक्याविकच्या आमच्या तरणतलावावर सकाळी गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसायचं आणि गप्पा मारायच्या, एवढाच तिचा गोतावळा. त्यात मी, केस कापायचं दुकान चालवणारी स्वानहिल्डुर आणि पर्यावरणमंत्री थॉरमोडुर. मंत्री झाल्यापासून त्याचं पोट पाण्यावर वेगळं तरंगायचं.

मंडळाचा कायदा झाला, तेव्हा स्वानहिल्डुरनं विचारलं, "म्हणजे तुम्ही म्हणाल ते सरकारनं मुकाट ऐकायचं?"

"नका ऐकू," स्टेनवर म्हणाली. "पण का नाही ऐकलं, ते संसदेत उभं राहून सांगायचं."

"आणि हा तुला काढू शकत नाही?"

"नाही. माझी मुदत निवडणुकीला बांधलेली नाही. मंडळाचा खर्चही संसद देते, याचं खातं नाही."

"मग मी मंत्री कशाला झालो?" थॉरमोडुर म्हणाला.

"तरंगायला," स्वानहिल्डुर म्हणाली.

पहिला अहवाल यायच्या आठवड्यात मात्र त्याला हसू येईना. धूर कमी करण्याचं सरकारचं उद्दिष्ट गाठलं जाणार की नाही, ते त्यात असणार होतं.

"स्टेनवर, सगळं नको सांगूस गं. बरा की वाईट, एवढंच."

"बुधवारी कळेल. सगळ्यांना एकदम."

"अगं, शाळेपासूनची आपली ओळख!"

"बाई गं, पाणी किती गरम आहे आज," असं म्हणून ती उठलीच.

झालं. स्वानहिल्डुरच्या दुकानात त्या दिवशी जेवढी डोकी भादरून निघाली, तेवढी बातमी घेऊन निघाली. संध्याकाळी रेडिओवर आलं, की अध्यक्षबाईंनी मंत्र्याला आधीच इशारा दिला, अहवाल सरकारला चटके देणार. विरोधकांनी तिचा राजीनामा मागितला. अहवाल कुंडातच फुटणार असेल तर मंडळ कसलं स्वतंत्र, हा त्यांचा सवाल. खुर्ची जाणार, असंच सगळे धरून चालले.

मंडळाची तातडीची बैठक झाली. स्टेनवर म्हणाली, "पाणी गरम होतं, म्हणून मी गरम म्हणाले." मग तलावावरच्या रखवालदाराला बोलावलं. तो बिचारा कोट घालून आला आणि म्हणाला, "झडप अडकली होती. सगळ्यांचेच पाय लाल झाले होते." सदस्य खो खो हसले. प्रकरण मिटलं.

तिनं मात्र मिटू दिलं नाही.

"पाणी गरम होतं हे पटवायला साक्षीदार लागला," ती म्हणाली. "उद्या मी नुसती शिंकले तरी कुणीतरी अर्थ काढेल." आणि तिनं नियम मांडला: मंडळाच्या सदस्यानं मंत्रिमंडळातल्या कुणाहीबरोबर एका कुंडात बसायचं नाही. तिचाच ठराव, नाही कोण म्हणणार? नियम जाहीरही झाला. वाचून अर्धं शहर हसलं.

थॉरमोडुरला वाईट वाटलं. "तू कशाला जातेस? मी जातो दुसरीकडे."

"तू गेलास तर लोक म्हणतील, मंडळानं मंत्र्याला हाकललं. बस तू."

अहवाल बुधवारीच आला. उद्दिष्ट हुकणार, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. थॉरमोडुर संसदेत उभा राहून उत्तर देताना तीनदा पाणी प्याला. कायद्यानं तो बांधलेला होता, सुटका नव्हती.

स्टेनवर आता समुद्राकडच्या तलावावर जाते. परवा मी मुद्दाम बघायला गेलो. कुंडात चार अनोळखी म्हातारे, गप्प. ती कडेला.

"कशी आहेत माणसं?" मी विचारलं.

"बोलत नाहीत रे अजून. बोलतील हळूहळू. तो टोपीवाला काल हवेबद्दल काहीतरी म्हणाला."

तेवढ्यात एक उंच बाई पायऱ्या उतरून पाण्यात आली, सगळ्यांकडे बघून हसली. टोपीवाल्यानं लगेच जागा करून दिली, आणि म्हातारे एकदम बोलायलाच लागले. स्टेनवर उठली.

"अगं, आत्ताच तर बसलीस! कोण ही?"

"अर्थखातं," ती पुटपुटली, आणि पलीकडे जाऊन गार पाण्यात एकटीच पोहू लागली.