चाळिसाव्या पानावरची खूण

मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको मला शंकासुर म्हणते. म्हणू दे. वजनकाट्यावर चौदा वर्षं काढून दाखवा आणि मग बोला. माल विकणाऱ्याचा ट्रक असेल तर भरलेला तोलताना ताडपत्रीखाली पाण्याची पिंपं लपवलेली असतात, आणि रिकामा तोलायच्या आधी तीच कुठेतरी वाटेत ओतून टाकलेली असतात. माल घेणाऱ्याचा ट्रक असेल तर मागचं एक चाक हळूच काट्याच्या कडेबाहेर राहिलेलं असतं, आणि ड्रायव्हर आपल्याकडे बघून गोड हसत असतो. कुणी गोड हसलं की मी आधी त्याची चाकं बघतो.

आमच्या काट्यावर दोन पाळ्या. सहा ते दोन मास्तर, दोन ते दहा मी. केबिन एकच, खुर्ची एकच, खण एक आणि चहाची किटलीही एक. मास्तरने आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही. हातात कायम पुस्तक, म्हणून ड्रायव्हर लोकांनी ते नाव पाडलं आणि मग घरच्यांनीही तेच उचललं. बावन्न वर्षांचा सडपातळ माणूस, चष्म्याला दोरी. एक ट्रक गेला आणि दुसरा फाटकातून आत येईपर्यंत जी तीन-चार मिनिटं मिळतात, त्यात तो वाचतो. पुस्तक वाचनालयाचं असलं तरी त्याला स्वतःच्या हाताने कव्हर घालतो आणि परत करताना ते काढून पुढच्याला चढवतो. ट्रक आला की पुस्तक पालथं घालत नाही, मिटतो. पुस्तक पालथं घातलं की त्याची पाठ मोडते, असं त्याचं म्हणणं. आणि त्याची स्मरणशक्ती अशी की नेहमीच्या दोनेकशे गाड्यांची रिकामी वजनं त्याला तोंडपाठ. पडद्यावर आकडा स्थिर व्हायच्या आत हा बोलून मोकळा होतो. थोडीफार मलाही येतात, पण त्याच्यासारखी नाहीत.

जानेवारीत त्याच्या धाकट्या भावाने त्याला ऑनलाइन वाचनाच्या एका गटात घातलं. हा भाऊ मोबाइल दुरुस्त करतो, मास्तरच्या वरच्या खोलीत एकटा राहतो आणि रोज संध्याकाळी जेवायला खाली येतो. गटात तीनेकशे लोक आणि एक आव्हान: वर्षात शंभर पुस्तकं. शिवाय दर महिन्याला एक खास काम. आपल्या वयापेक्षा जुनं पुस्तक. ज्यात कुणी मरत नाही असं पुस्तक. आपल्याला आवडणार नाही याची खात्री असलेलं पुस्तक. वाचून झालं की नाव टाकायचं आणि चार ओळी लिहायच्या. दातांच्या एक डॉक्टरीणबाई हा गट चालवायच्या आणि शाळेतल्या बाईंसारखी सगळ्यांची यादी ठेवायच्या.

मास्तर पाळी बदलताना मला फोन दाखवायचा. त्याच्या चार ओळींवर लोक फिदा होते. एका जाडजूड कादंबरीबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘दोनशे दहाव्या पानावर लेखकाला झोप लागली असावी, पण पात्रं शहाणी निघाली, त्यांनी गोष्ट पुढे नेली.’ त्याच्याखाली दीडशे लोकांनी हसून घेतलं होतं. मार्चअखेर त्याची पुस्तकं झाली पंचवीस. जुलैअखेर एकसष्ट.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळच्या पाळीत नव्वद गाड्या. प्रत्येक गाडीचं वजन, पावती, नोंद, वर ड्रायव्हरशी हुज्जत. यात एकसष्ट पुस्तकं? मी शाळा सुटल्यापासून एक पुस्तक धड वाचलेलं नाही, तेव्हा मला यातलं काय कळतंय, असं कुणी म्हणेल. पण आकड्यात पाणी मुरत असलं की मला ते दिसतं. आणि खरं सांगायचं तर मला जळफळाट झाला होता. चौदा वर्षांत त्या केबिनमध्ये येऊन कुणी आम्हा दोघांपैकी एकालाही शाबास म्हटलं नव्हतं, आणि आता त्याला रोज दीडशे लोक म्हणत होते.

मास्तर दोनला पाच कमी असताना हातपाय धुवायला मागच्या नळावर जायचा. पुस्तक टेबलावर असायचं. मी एकदा ते उघडलं. आत खूण म्हणून जुन्या पावतीची चिटोरी घातलेली, एकेचाळिसाव्या पानावर. दुसऱ्या दिवशीही एकेचाळीस. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी गटात मास्तरचा निरोप: पुस्तक संपलं, छान आहे. पुढचं पुस्तक आलं, त्यातली खूण अडतिसावर येऊन थांबली. त्याच्या पुढच्यातली बेचाळिसावर. तीन-साडेतीनशे पानांची पुस्तकं, आणि हा गडी चाळिशीत आल्यावर थांबतो!

मी छडा लावायचा ठरवलं. एका पुस्तकात दीडशेव्या पानाशी शर्टाचा एक दोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी दोरा नव्हता. पण केबिनला पंखा आहे, दोरा उडालाही असेल. मग मी सहज म्हणून त्याला शेवट विचारला. त्याने शेवट सांगितला, शिवाय तो पटत का नाही तेही सांगितलं. मी मनात म्हटलं, आजकाल गोष्टींचे गोषवारे इंटरनेटवर पोत्याने मिळतात. प्रत्येक खुलाशाला माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते आहे याचा मला अभिमानही वाटत होता.

ऑगस्टच्या शेवटी त्याची चौऱ्याहत्तर झाली. मी खोटं नाव घेऊन त्या गटात शिरलो आणि लिहिलं, ‘चौऱ्याहत्तर पुस्तकं वाचली म्हणणाऱ्या आपल्या सभासदाच्या पुस्तकातली खूण कायम चाळिसाव्या पानाच्या आसपास असते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खरंखोटं गटाने ठरवावं.’ काम चोख झाल्यासारखं वाटलं. चाक कडेबाहेर असलेला ट्रक परत मागे घ्यायला लावतो, तसं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर मास्तरला खुलासा विचारला. मास्तरने खुलासा दिला नाही. आपली सगळी यादी पुसून टाकली, ‘सर्वांना शुभेच्छा’ एवढं लिहिलं आणि गट सोडला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता टेबलावर पुस्तक नव्हतं. मी साळसूदपणे विचारलं, काय रे मास्तर, आज सुट्टी का वाचनाला? तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, मला काहीच माहीत नाही असं धरून. कुणीतरी खुणेवरून त्याला खोटा ठरवला होता. मी म्हटलं, मग खरं काय ते सांगायचं होतंस.

“खूण माझी नाहीच,” तो म्हणाला. “ती बायकोची. मी घरी गेलो की पुस्तक तिच्याकडे. ती चाळीस पानं वाचते, नाही आवडलं तर सोडून देते. लेखकाला चाळीस पानं दिली, आता त्याचं नशीब, म्हणते. पण खूण काढू देत नाही, कधी मन झालं तर पुढे वाचीन म्हणून. पुस्तक परत जाईपर्यंत ती चिटोरी तिथेच.”

“आणि तुझं पान?”

“माझं डोक्यात असतं. आपण गाड्यांची वजनं ठेवतो तसं.”

 चौदा वर्षं या माणसाला आकडे डोक्यात ठेवताना बघत होतो. दुसरं कुणी फसलं असतं तर समजण्यासारखं होतं. मी कसा फसलो?

हे गटात का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, बायको कुठलं पुस्तक कुठे टाकते हे घरातलं बोलणं आहे, ते तीनशे लोकांपुढे कशाला मांडायचं? आणि ज्याला आपण खोटे वाटलो, त्याच्यापुढे पुरावे मांडत बसायची त्याला हौस नव्हती. मग म्हणाला की, हे कुणी केलं ते त्याला कळलं आहे. मी किटली उचलली आणि परत खाली ठेवली.

“धाकट्याने,” तो म्हणाला. “पुस्तक घरात असतं नाहीतर इथे. घरात येणारा तो एकटा. इथे तर तूच असतोस.”

‘इथे तर तूच असतोस’ हे त्याने असं म्हटलं, की तिथे काही शोधायलाच नको. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चहा घेणार का?

धाकट्याने शपथा घेतल्या, पण मास्तरने ऐकलं नाही. गटात घालणारा तू, घरातली खूण बघणारा तू, आणि आता नाही म्हणणाराही तूच, असं त्याला सुनावलं. धाकट्याचं खाली जेवायला येणं बंद झालं. पाळी बदलताना मास्तर हे सांगायचा, मी ऐकत होतो आणि माझाच सूर मला मास्तरच्या तोंडून ऐकू येत होता. संशय घ्यायची त्याला सवय नव्हती, म्हणून पहिल्याच झटक्यात त्याने तो पुरता घेतला. आम्ही सराईत लोक निदान थोडी फट ठेवतो.

सप्टेंबर असाच सरत आला. मास्तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काचेबाहेर रिकाम्या काट्याकडे बघत बसायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे म्हणून मी पाळीवर मुद्दाम उशिरा यायला लागलो. स्वतःला सांगत होतो, भावाभावांचं भांडण आहे, मिटेल. तेही मी माझ्याच सवयीने ताडून बघितलं आणि ते खोटं निघालं.

मग एका दुपारी माझ्या पाळीत त्याची बायको केबिनवर आली. तिला मी फार तर चारदा पाहिलं असेल. बसायला खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

“भावोजी, तुमचं ते ऐकतील,” ती म्हणाली. “धाकट्या भावोजींनी सामान बांधायला घेतलंय. महिनाअखेर जाणार म्हणतात, दुसरीकडे दुकान बघितलंय. माझ्या हाताखाली वाढलेलं पोर आहे ते. असं कुणाच्या पाठीमागून लिहिणार नाही हो.”

मी म्हटलं, नाही लिहिणार. ती म्हणाली, मग सांगा ना तसं त्यांना.

महिनाअखेरीला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी दोनला पाच कमी असतानाच पोचलो. मास्तर नळावर जायला उठला होता. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, “ते मी लिहिलं होतं. धाकट्याने नाही.”

 बाहेर खडीचा ट्रक काट्यावर चढला आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. मास्तर खुर्चीत बसला, वजन घेतलं, पावती फाडली, खिडकीतून दिली. ट्रक उतरून गेला. मग त्याने विचारलं, “पुस्तक कधी उघडायचास?”

“तू हातपाय धुवायला जायचास तेव्हा.”

“एकदाच?”

“रोज,” मी म्हणालो. “मला तुझा हेवा वाटत होता, मास्तर. बाकी काही नाही.”

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. चार शिव्या खायची तयारी करूनच मी आलो होतो. त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच धाकट्याला लावला. तिकडून लवकर उचलला गेला नाही. त्याने परत लावला. “माझं चुकलं,” एवढंच तो म्हणाला, दोनदा. मग बराच वेळ नुसता ऐकत होता, आणि ऐकताना चष्मा काढून डोळे पुसत होता. शेवटी म्हणाला, “सामान सोड. आज खाली जेवायला ये.” माझं नाव त्याने घेतलं नाही. धाकट्याने विचारलं असणार, कारण मास्तर म्हणाला, “असू दे, कळलं मला. बाहेरचा माणूस होता.”

मग पाळी सोपवायची वेळ झाली. आमच्याकडे एक नियम आहे: पाळी बदलताना दोघांनी मिळून काटा रिकामा करून बघायचा, पडद्यावर शून्य आहे याची खात्री करायची आणि मग वहीत दोघांनी सह्या करायच्या. चौदा वर्षांत आम्ही तो एकदाही पाळला नव्हता. जाणारा सही करायचा, येणारा न बघता त्याच्याखाली करायचा. मी सवयीने पेन उचललं.

“थांब,” मास्तर म्हणाला. “आधी काटा बघून ये.”

मी खाली उतरलो. काट्यावर कुणी नव्हतं, काही नव्हतं. कडेला पडलेले खडीचे दोन खडे मी उचलून फेकले आणि हात वर केला. काचेमागून त्याने पडदा बघितला आणि मान हलवली. वर येऊन मी सही केली. त्याने माझी सही वाचली आणि मग स्वतःची केली.

तो पुन्हा पुस्तकं वाचायला लागला आहे. नळावर जाताना पुस्तक बरोबर घेऊन जातो. पाळी सोपवताना आम्ही आता रोज काटा बघतो. तो रोज शून्यच असतो.