मांडवात सांडलेला तांब्या

काल जावयाने बाळंतिणीसाठी ओवा-शेपा भाजला. अमेरिकेतलं, नेपरव्हिलचं त्यांचं घर त्या वासाने भरलं. लेक सरळ म्हणाली, “बाबा, बाळंतपणात खालचे स्नायू फाटलेत माझे. हसलं की लघवी सुटते. थेरपी चालू आहे, होईल बरं.”

लेकीच्या जन्माच्या वेळी तिच्या आईचंही तेच झालं होतं. सुईण म्हणाली, “बायकांना होतंच.” संपलं.

मग मेव्हण्याचं लग्न आलं. मांडवात कुणीतरी नवरदेवाची टर उडवली. माझी ही खळखळून हसली आणि एकदम लुगडं आवळून बसली. पंगत उठली तरी ही उठेना. जवळ गेलो तर पुटपुटली, “अहो, तांब्या सांडा माझ्या अंगावर.” मी सांडला. मामेसासू ओरडली, “जावई आहे का रेडा!” सगळे हसले. ही ओल्या लुगड्याने आत गेली.

तेव्हा वाटलं, अब्रू वाचली. पण त्यानंतर ती कुठल्या लग्नाला गेली नाही की मोठ्याने हसली नाही. विमानात इतका वेळ निभणार नाही, म्हणून इथेही आली नाही. लेकीला वाटतं, आईला अमेरिका आवडत नव्हती. खरं कारण मला सांगू द्यायची नाही. आता ती गेली, म्हणून लिहितोय.