नोव्हायची पळपुटी धामण

अमेरिकेतल्या नोव्हायच्या मराठी मंडळात राजाराम गोडांबेंची धामण ऐकली नाही असा माणूस सापडलाच, तर तो नुकताच विमानातून उतरलेला समजावा. तोही पहिल्या पॉटलकपर्यंतच, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पंगतीपर्यंतच टिकायचा. त्याच्या ताटात वांग्याची भाजी पडायच्या आत राजारामकाका त्याच्या खांद्यावर हात टाकत आणि सुरू होत.

गोष्ट ठरलेली. वडूजजवळची वाडी, घरचा गोठा, गोठ्यात आठ फुटी धामण, आणि नऊ वर्षांचा राजाराम. "शेपटीला धरली आणि अशी गरगर गरगर फिरवली!" या 'गरगर'ला काकांचा उजवा हात डोक्यावरून असा काही फिरे, की जवळपासच्या लोकांनी मठ्ठ्याचे ग्लास आधीच उचलून धरलेले असत. चाळीस वर्षांत धामण चार फुटांनी वाढली होती. नऊ वर्षांचा राजाराम मात्र नऊचाच राहिला होता.

काकांनी मोटार कंपनीत एकतीस वर्षं ब्रेक डिझाइन केले. "जगाच्या गाड्या थांबवल्या यांनी," वीणाकाकू म्हणायच्या, "तोंडाला तेवढा एक बसवायचा राहिला."

फेब्रुवारीत केया, म्हणजे त्यांची मुलगी, त्यांना सरड्या-सापांच्या प्रदर्शनाला घेऊन गेली. ती कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे तिला असल्या जागा तुळशीबागेसारख्या वाटतात. काकांचे जुने मित्र सुमंत बाहेरची थंडी चुकवायला म्हणून बरोबर आले होते. एका टेबलावर श्रीखंडाच्या डब्यांसारखे पारदर्शक डबे मांडलेले. त्यातल्या एकापाशी केया थांबली.

"बाबा! ओरिएंटल रॅट स्नेक. धिस इज युअर धामण!"

डब्यात दोन फुटांची, पेन्सिलीएवढी जाड, मोठ्या डोळ्यांची एक पोरगी वेटोळं करून बसली होती. काका वाकले. तिने झाकणावर टाळकं आपटलं, थाड! काका दोन पावलं मागे आले, ते थेट सुमंतांच्या बुटावर.

"ती लहान आहे रे," सुमंत म्हणाले. "तू आठ फुटी फिरवलेला माणूस. घे की घरी."

आता केया बघतेय, सुमंत बघतोय आणि टेबलामागचा दाढीवालाही बघतोय. काकांनी खिशात हात घातला. पाकीट काढून त्यांनी दाढीवाल्याचे पैसे मोजले, दोनदा.

दाढीवाल्याने ओहायोतल्या आपल्या घरीच तिला अंड्यातून काढलं होतं. त्याने सगळं समजावून सांगितलं. ही जात भित्री. चावते कमी, पळते जास्त. वरून हात आला की तिला घार आल्यासारखं वाटतं, म्हणून नेहमी बाजूने, सावकाश. आधी दहा दिवस हातच लावायचा नाही. आणि तिच्या लपायच्या खोक्यात तुमचा वापरलेला एखादा कपडा ठेवा, वासाची सवय होते.

काकूंनी घरात घेताना दोनच अटी घातल्या. पहिली, तिच्या खाण्यासाठी आणलेल्या गोठवलेल्या उंदरांचा बॉक्स स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये येणार नाही. तो गराजमधल्या फ्रीझरमध्ये गेला आणि त्यावर काकूंनी मार्करने ठळक 'उंदीर' लिहिलं, कारण शेजारीच 'खवलेला नारळ' होता. दुसरी अट, नाव त्या ठेवणार. त्यांनी बेसमेंटमध्ये एकदाच डोकावून पाहिलं. धामण काचेच्या पेटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सैरावैरा धावत होती.

"पळपुटी," काकू म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

तिला बाहेरची हालचाल दिसू नये म्हणून काकांनी पेटीच्या तीन बाजूंना मंडळाच्या जुन्या स्मरणिकेची पानं चिकटवली. त्यातल्या एका पानावर त्यांचाच लेख होता, 'मी आणि धामण'. खोक्यात आपला जुना बनियन ठेवला. दहा दिवसांनी ओव्हनचे हातमोजे चढवून, खाकरून, "हे बघ, घाबरायचं काही कारण नाही," असं नक्की कुणाला ते न सांगता, त्यांनी वरून हात घातला.

पळपुटीने मोज्याच्या वर, मनगटाला दात लावले, अंगावर असा काही घाण वास सोडला की डोळ्यांत पाणी यावं, आणि बनियनखाली गडप झाली. काकांनी झाकण लावलं हे नशीब. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांना काकू भेटल्या.

"अहो, धामण खाली आहे ना? मग पळताय का तुम्ही?"

"डेटॉल आणायला!"

"डेटॉलही खालीच आहे."

एवढ्यावर गोष्ट मिटली असती. काकांनी पळपुटी बेसमेंटमध्येच ठेवली असती, वर्षभरात 'फार मोठी झाली' म्हणून दाढीवाल्याला परत दिली असती. पण जूनमध्ये पार्कमधल्या बार्बेक्यूला एक नवीन जोडपं आलं, काकांची जीभ सैल सुटली, आणि हात फिरवून झाल्यावर ते म्हणाले, "आता तर घरीच पाळलीय! खांद्यावर घेऊन टीव्ही बघतो!"

मंडळाची सेक्रेटरी दीपा मक्याचं कणीस खायची थांबली. "काका! या वर्षी नागपंचमी तुमच्याकडे! लाइव्ह दर्शन! तुम्ही हातात धरून उभे राहायचं, बायका हळदकुंकू वाहतील!"

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पोस्टर आलं. धामणीला फणा नसतो, पण दीपाने लावला होता. रविवारपर्यंत त्रेचाळीस माणसांनी 'येणार' म्हणून कळवलं. सुमंतांनी खाली लिहिलं, 'गरगर बघायला मी पहिल्या रांगेत.'

काकांची झोप उडाली. त्रेचाळीस माणसांसमोर हात थरथरला, तर चाळीस वर्षांची गोष्ट एका मिनिटात खोटी. आणि ती खोटी होती, हे या खंडात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी केयाला फोन लावला. ती शनिवारी आली, बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "दाखवा, रोज काय करता."

काका पेटीपुढे उभे राहिले. "बघ केया, मी हिला प्रेमाने सांगतो की..." उजवा हात वर गेला. पळपुटी काचेवर आपटली. "...की आपण एका मातीतले..." दोन्ही हात फाकले. पळपुटी पाण्याचं भांडं उलथून बनियनखाली.

"बाबा, इट्स युअर हँड्स. तुम्ही बोलता तेव्हा तिला दोन घारी दिसतात."

"मग हात बांधून बोलू?"

"बोलूच नका यार. हात आत ठेवा, पालथा नाही, उताणा. आणि चूप. दहा मिनिटं."

दहा मिनिटं! लग्न लागतानाही काका एवढा वेळ गप्प नव्हते. पण दुसरा इलाज नव्हता. मोजे काढून रोज सकाळी चहा झाला की ते खाली जात, उताणा हात आत ठेवत आणि दात आवळून बसत. पहिले चार दिवस ती बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी जीभ बाहेर आली. नवव्या दिवशी तिने बोट हुंगलं, बोट हललं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेविसाव्या दिवशी ती तळव्यावर चढली, मनगटावरून गेली आणि शर्टाच्या बाहीत डोकं खुपसून थांबली. गार, कोरडी, दोरीसारखी. काकांचं काळीज एवढं उडत होतं की ते तिला जाणवेल अशी त्यांना भीती वाटली. पण हात हलला नाही.

त्या दिवशी ते जेवताना काहीच बोलले नाहीत. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला.

नागपंचमी मंगळवारी होती, म्हणून मंडळाने ती शनिवारी केली. काकूंनी त्या दिवशी सुरीला हात लावला नाही, तवा चढवला नाही. पुरणाची दिंडं उकडली, आणि चिरलेली कोशिंबीर आणलेल्या एका पाहुणीला कोशिंबिरीसकट गराजमध्ये पाठवलं. दीपा वाटीभर दूध घेऊन आली.

"नो मिल्क, दीपामावशी," केया म्हणाली. "ती उंदीर खाते."

"प्रतीकात्मक गं!"

"मग प्रतीकात्मक उंदीर आणायचा."

काका पांढरा सदरा घालून दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले. केयाने पळपुटीला त्यांच्या हातात दिलं. एव्हाना ती चार फुटांची झाली होती. ती दोन वेढे घालून मनगटावर बसली. बायकांनी हळदकुंकू लांबूनच, काकांच्या पायांवर उधळलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

"वा राजा!" सुमंत पहिल्या रांगेतून म्हणाले. "आता ते गरगर होऊन जाऊ दे. नुसती गोष्ट सांग, हातासकट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पळपुटीचं अंग ताठ झालं. काकांचा उजवा हात सवयीने उचलला जाणार, एवढ्यात त्यांना तिची जीभ अंगठ्यावर लागली. हात तिथेच राहिला. आणि हात नसेल तर ती गोष्ट सांगायची कशी, हे काकांना खरंच ठाऊक नव्हतं.

"फिरवली वगैरे काही नाही," ते हळू म्हणाले. "मी आढ्यावर होतो."

"काय?"

"गोठ्याच्या आढ्यावर. चढून बसलो होतो. धरली ती आक्काने, माझ्या बहिणीने. दोन्ही हातांनी, अशी अलगद. उसात नेऊन सोडली. मला शिडी लावून खाली उतरवायला संध्याकाळ झाली."

मग सुमंत एवढ्या मोठ्याने हसले, की सगळं घर हसायला लागलं. पळपुटीला हे सहन झालं नाही. तिने हाताशी उघडं दिसणारं, ओळखीच्या वासाचं एकच खोकं गाठलं, काकांची बाही. सरसर चारही फूट आत.

त्रेचाळीस माणसं एका दमात घरामागच्या लाकडी डेकवर गेली. सुमंत सगळ्यांत आधी. त्यांनी बाहेरून काचेचा दरवाजा ओढूनही घेतला.

काका बुजगावण्यासारखे हात पसरून उभे. घाम निथळत होता. सदऱ्यात काहीतरी छातीवरून फिरलं, बगलेत गेलं आणि थांबलं.

"राजा, चावली का रे?" काचेपलीकडून आवाज.

"नाही," काका पुटपुटले. "बसलीय."

"अहो, भीती वाटतेय?" काकूंनी विचारलं. त्या आतच थांबल्या होत्या.

"खूप."

"मग उभे राहा तसेच." आणि त्यांनी एक दिंड मोडून, तूप लावून, त्यांच्या तोंडात घातलं.

केयाने सगळं रेकॉर्ड केलं होतं. तिने ते साताऱ्याला आत्याला पाठवलं. आक्का आता शहात्तर वर्षांच्या. डेकवरची मंडळी एकेक करून आत येऊन दिंडांना लागली, तोवर आक्कांचा आवाज फोनवर आला. केयाने स्पीकर लावला.

"राजा," आक्का म्हणाल्या, "उतरलास का रे एकदाचा खाली?"