गंधकाची धुरी

त्या सालात कापसाला भाव असा चढला की आमच्या घरच्यांनी जवळजवळ सगळी जमीन कापसाखाली घातली. ज्वारी एका पट्टीपुरती राहिली. घरात माजघरभर कापूस, आणि मागच्या खोलीत कणगीत सालभराची ज्वारी.

चैत्रात मी कणगीत हात घातला तर दाणे आतून कोमट लागले. मूठ बाहेर काढली, तर तळव्यावर धान्यातले किडे, सोंडे, चालत होते. अकोल्याच्या बाजारात तेव्हा ज्वारी महाग होती, मिळायचीही नाही. हीच वाचवायला हवी होती.

दीर बाजारातून गंधक घेऊन आले. मडक्यात निखारे, वर गंधक, आणि खोली बंद करायची, एवढंच काम.

"पयले कापूस बाहेर काढा," मी म्हटलं.

"गाड्या परवा येऊन राहिल्या," आमचे मालक म्हणाले. "दोन दिसासाठी काहून उचलाचा? मधात भिंत हाय ना."

"भिंतीले दार बी हाय. कापूस निघाल्याबिगर मी इस्तो देत नाही."

ते रागावले. पण गाड्या भरून गेल्यावरच मी चुलीतले निखारे दिले. दाराच्या फटी शेणमातीनं लिंपल्या. तरी वास घरभर झाला. आम्ही सगळे खोकत अंगणात बसलो.

तीन दिवसांनी दार उघडलं. ज्वारी उन्हात पसरून सुपानं पाखडली, तेव्हा मेलेल्या सोंड्यांचा ढीग पडला. भाकरीला दोन दिवस वास आला, मग गेला. मला फार बरं वाटलं.

पाऊस पडल्यावर त्याच ज्वारीतलं बी पेरलं. आठ दिवस झाले, पट्टी काळीच, एक कोंब वर नाही. शेजारच्या म्हातारीनं जमीन उकरून दाणा पाहिला.

"धुरीतलं पेरलं काय?"

"हो."

"अवं, धुरीनं सोंडा मरते, तसा कोंब बी मरते. बी राखेत ठेवाचं असते."

मला हे माहीतच नव्हतं. दोष माझाच होता, मी मालकांना तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मले तरी कुठं ठाऊक होतं."

म्हातारीनं तिच्या राखेतलं बी दिलं. दुसरी पेरणी उशिरा झाली, कणसं बारीक आली. पण त्या वर्षी तेवढी ज्वारी आम्हाला खायला पुरली.