सुभद्राकाकींचं थांबणारं चाक

उमेळ्याच्या सुभद्राकाकी लहानपणी वाडीतल्या रहाटावर बैल हाकायच्या. बैल गोल फिरायचा, लाकडी दाते एकमेकांत अडकत करकरायचे आणि विहिरीतून भरून आलेली गाडगी केळींच्या पाटात रिकामी व्हायची. हे पडणारं पाणीच चाक फिरवेल, मग बैलाला कशाला दमवायचं, असं त्यांनी तेव्हा वडिलांना विचारलं होतं. वडील हसले. ते हसणं काकींना अजून मान्य नाही.

पुढे त्या वसईतल्या एका गिअरच्या कारखान्यात दाते तपासायच्या कामाला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मग विहिरीवर मांडव घालून त्यांनी चाक बांधायला घेतलं. वर चढलेलं पाणी चाकावर पडावं, चाकाने गिअर फिरवावेत आणि गिअरने पाणी पुन्हा वर चढवावं. बैल नाही, वीज नाही. मी त्यांचा शेजारी, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. त्यांचे गिअर मी कॉम्प्युटरवर काढून देतो आणि दर वेळी सांगतो की घर्षण आपला वाटा घेणार, चाक थांबणारच.

"थांबतं ते मलाही दिसतं," त्या म्हणतात. "तू मोठ्या गिअरचे दाते वाढव."

काही वर्षांपूर्वी भावकीने वाडी बिल्डरला दिली. काकींना तिथेच उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट मिळाला, पण विहीर बुजली आणि चाक बेघर झालं. तेव्हा राजोडीत रिसॉर्ट काढणाऱ्या उमंगने निरोप धाडला. तो चाकाला कायमची जागा द्यायला तयार होता, वर टाकीही बांधून देणार होता. अट एकच, उद्घाटनाला पाहुण्यांसमोर चाक थांबता कामा नये. काकी म्हणाल्या, फिरेल तेवढं फिरेल. बाकीचं त्यांच्या मुलाने, प्रीतमने, परस्पर ठरवलं.

उद्घाटनाला चाक सुरेख फिरलं. लोक मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होते. काकी आधी हरखून बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. एव्हाना ते मंदावायला हवं होतं. त्या उठल्या, चाकाच्या चौथऱ्यामागे गेल्या आणि तिथली प्लायवूडची फळी बाजूला सारली. आत मोटर होती.

"आई, हात लावू नकोस," प्रीतम दबक्या आवाजात म्हणाला. "जागा जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी प्लग उपटला. चाक मंदावलं, एकदा मागे डुललं आणि थांबलं. गर्दीत हशा पिकला. उमंगलाही हसू आलं.

"काकी, बंद पडलं की तुमचं चाक."

"हो, हे माझं," काकी म्हणाल्या. "मघाशी फिरत होतं ते तुमचं."

संध्याकाळी चाक टेम्पोतून परत आलं आणि काकींनी ते बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या फ्लॅटच्या जागेत उभं केलं. सोसायटीचा सेक्रेटरी खाली येऊन म्हणाला की ही जागा गाड्यांसाठी आहे, भंगारासाठी नाही. काकींनी त्याला शांतपणे सांगितलं की जागा त्यांची आहे आणि गाडी त्यांच्याकडे नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. दाते वाढवले ते चुकलंच, आता कमी करून बघ म्हणाल्या.

"काकी, घर्षण..."

"ते त्याचं काम करतंय ना? मग आपण आपलं करू."

त्यांनी बादलीभर पाणी वरून चाकावर ओतलं. चाक करकरत हललं आणि सेक्रेटरीच्या धुतलेल्या गाडीवर शिंतोडे उडवत फिरायला लागलं.