माहितीपत्रकातलं तिसरं नाव

"हे तुमचंच नाव हाय न्हवं, सर?"

चौगुल्यांनी माहितीपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या पानावर बोट टेकवलं. गुळगुळीत कागद, निळी अक्षरं. 'तज्ज्ञ अध्यापकवर्ग' या मथळ्याखाली पाच नावं होती, त्यातलं तिसरं माझं. पदवी, हुद्दा, आमच्या कॉलेजचं नाव, सगळं बिनचूक. मला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"नाव माझंच आहे," मी म्हणालो.

"मग झालं की! चार दिवस हिला तेच सांगाय लागलोय. ऐकंना झालीया."

ही म्हणजे त्यांची मुलगी वैशाली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी तिला फायनान्स शिकवलं होतं. ती वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉमर्स कॉलेजात मी शिकवत होतो. स्टाफरूमच्या कोपऱ्यात एक कपाट आणि तीन खुर्च्या मांडून त्याला 'करिअर मार्गदर्शन कक्ष' म्हणत. मी वाचतो, आणि दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं, म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे. चौगुले हातकणंगल्याच्या पुढच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेतकी विभागात होते आणि कारखान्याच्या कॉलनीत राहत.

वैशालीला प्रोजेक्ट अप्रेझलमध्ये काम करायचं होतं. एखादा उद्योग बँकेकडे कर्ज मागायला येतो तेव्हा तो उद्योग खरंच चालेल का, हे कागदांवरून आणि प्रत्यक्ष जाऊन तपासणं, म्हणजे अप्रेझल. वर्गात ती याच धड्यावर प्रश्न विचारून मला थकवत असे. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. एम.कॉम. केलं तर विषय खोलवर शिकता येतो, पण त्या काळी ते करून बहुतेकजण शिकवायलाच लागत, माझ्यासारखे. विद्यापीठाचं एम.बी.ए. ही दुसरी वाट. पहिल्या वर्षी धंद्याची सगळी अंगं, दुसऱ्या वर्षी फायनान्सचं स्पेशलायझेशन, आणि बँका मुलाखतीला बोलावतात. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत पार करून तिला तिथली जागा मिळाली होती. शनिवारी दुपारपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. तिसरी वाट या माहितीपत्रकातली. कारखान्याच्या शिक्षण संस्थेनं नवी इन्स्टिट्यूट काढली होती. 'एम.बी.ए. समकक्ष, फायनान्ससह' असं वर ठळक होतं. आतल्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: 'मान्यता प्रस्तावित'.

"दोन वर्षं दिल्यात तिला," चौगुले म्हणाले. "त्येच्यापुढं एक दिवस न्हाई. आमच्या भावकीत आत्ताच तोंडं सुटल्यात. दोन वर्षांत काय करायचं ते करू दे, मग लग्न."

म्हणजे चूक झाली तर दुरुस्त करायला जागा नव्हती. एकच डाव.

त्यातही पेच असा, की तो डाव स्टेजवरून आधीच खेळून झाला होता. जुलैत कारखान्यावर कामगारांच्या गुणवंत मुलांचा सत्कार असे. त्या वर्षी चेअरमननी वैशालीच्या आधी तिच्या वडिलांना वर बोलावलं, फेटा बांधला आणि माईकवरून सांगितलं, "ही लेक आपल्या इन्स्टिट्यूटची पहिली विद्यार्थिनी!" चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. चौगुल्यांनी हात जोडले. आमच्याकडे हा प्रवेशच झाला. फॉर्म नंतर भरतात.

"तुम्ही हाईसा म्हणून तर मी हात जोडलं," चौगुले म्हणाले. "आधी पत्रक वाचलंतं मी."

मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं आणि तडक प्राचार्यांच्या खोलीत गेलो.

प्राचार्यांना जाऊन आज दीड महिना झाला. मी त्यांचा विद्यार्थी. ताळेबंद म्हणजे नुसते आकडे नव्हेत, तो माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा इतिहास असतो, हे मला त्यांनी शिकवलं. शेवटच्या आजारात मी रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात असे. हे लिहिताना एका वाक्याला अर्धा दिवस लागतो. पण शोकसभेत सगळे गोड बोलले, मीही बोललो, आणि त्या दिवशी त्यांच्या खोलीत काय बोलणं झालं, हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

"सर, माझं नाव छापलंय."

"नाव छापलंय, शिवी नाही छापली. बस."

"मला विचारलं नाही."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. म्हणून नाही विचारलं."

मी माहितीपत्रकाचं आतलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"मान्यता आलेली नाही, सर."

"येतेय की. चेअरमनसाहेब दिल्लीला जाऊन आलेत. मी दहा मुलं द्यायचं कबूल केलंय. तुझ्या कक्षातून."

"माझ्या कक्षातून?"

"मग काय कॅन्टीनमधून?" ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "अरे, आपलं कॉलेज निघालं तेव्हा या इमारतीला छप्पर नव्हतं. आधी पोरं आली, मग पत्रे आले, मग मान्यता. खेड्यापाड्यातलं शिक्षण असंच उभं राहिलंय. तू पुस्तकं वाचून वाचून भित्रा झालायस."

ते सांगत होते ते खोटं नव्हतं. त्याचाच मला अधिक संताप आला. स्वतःच्या उमेदीच्या दिवसांतली एक खरी गोष्ट ते एका खोट्या कागदावर पांघरूण म्हणून घालत होते. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवलेली होती, हे साऱ्या स्टाफला ठाऊक होतं.

छप्पर नसलं तर पोरं भिजतात आणि दुसऱ्या दिवशी वाळतात, हिची दोन वर्षं कशी वाळवायची, हे उत्तर मला जिना उतरताना सुचलं. खोलीत मी नुसता उभा होतो.

बोलता येत नाही तो लिहितो. मी साध्या कागदावर चौगुल्यांना पत्र लिहिलं. या अभ्यासक्रमाला आज मान्यता नाही. मिळणार तो डिप्लोमा आहे, पदवी नव्हे. माझं नाव मला न विचारता छापलं आहे आणि मी तिथे शिकवणार नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. गुरुवारी दुपारी एस.टी.नं कॉलनीत गेलो.

चौगुल्यांनी पत्र तीन वेळा वाचलं.

"म्हंजे छापलंय ते खोटं?"

"नाव खरं आहे. मी शिकवणार, हे खोटं."

"मग आम्ही कुणाचं धरायचं, सर? चांगल्या कागदावर रंगीत छापत्यात, आणि तुम्ही घरात येऊन न्हाई म्हणताय. आधी गप का बसलासा?"

"मला तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं."

"तुमचं नाव, आणि तुमास्नीच ठावं न्हाई!" ते चिडले होते, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. "चारशे माणसांत फेटा बांधून घेतलाय मी. आता कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू? उद्या कामावर जायचंय मला."

वैशाली दाराशी उभी होती. 

"पप्पा, त्या चारशे माणसांतलं एकतरी बँकेच्या मुलाखतीला माझ्यासंगं बसणार हाय काय?"

चौगुल्यांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"सर, एकच सांगा. दोन वर्षांनी ह्या कागदावर हिला बँक आत घेणार का न्हाई?"

"आज ज्या स्थितीत आहे, त्यात नाही."

शनिवारी सकाळी अकराला बापलेक विद्यापीठात हजर होते. कागदपत्रांची पिशवी चौगुल्यांनी छातीशी धरली होती.

त्यांनी चेअरमनना माझं पत्र दाखवलं. दुसरं काय दाखवणार? सोमवारी प्राचार्यांनी माझ्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. "तुला वाचायला वेळ मिळेल," एवढंच म्हणाले. चौगुल्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मलकापूरकडच्या गट ऑफिसात झाली. ऊस बघायला तिथे माणूस हवा होता, असं कारण लिहिलं होतं. पुढची दोन वर्षं ते तिथे खोली करून राहिले आणि रविवारी घरी येत. मला कधी टाकून बोलले नाहीत. आभारही मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

वैशालीनं एम.बी.ए. केलं. आज ती पुण्यात एका बँकेत अप्रेझल बघते. लग्न तिनं नोकरी लागल्यावर केलं.

इन्स्टिट्यूटला मान्यता आली, पण पहिली बॅच बाहेर पडल्यानंतर. त्या बॅचच्या हातात 'समकक्ष' असं छापलेला कागद राहिला, आणि कशाच्या समकक्ष, असं प्रत्येक मुलाखतीत विचारलं गेलं. आमच्या कॉलेजातून दहाऐवजी नऊ जण गेले होते. एकजण पुढे पतसंस्थेत क्लार्क झाला, एकानं पुन्हा पहिल्यापासून एम.कॉम. केलं. बाकीच्यांचं मी विचारलं नाही. प्राचार्यांना त्याबद्दल एकदा तरी वाईट वाटलं असेल का, हेही शेवटच्या आजारात विचारायचं राहून गेलं. वर्तमानपत्र संपलं की मी घरी येत असे.

पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकातून माझं नाव गेलं. त्या जागी दुसऱ्या एका प्राध्यापकाचं आलं. त्यालाही विचारलं नसावं.

कोणती पदवी चांगली, असं पालक अजूनही घरी येऊन विचारतात. मी म्हणतो, ते नंतर बघू. आधी मान्यतेचं पत्र मागा आणि त्यावरचं वर्ष वाचा. 'प्रस्तावित' म्हणजे 'नाही' असं धरून चाला. हे कळायला मला एक दुपार पुरली होती. पत्रं मात्र दहा घरांना लिहायला हवी होती. मी एकच लिहिलं.